‘भुर्र’च्या आधी थांबायचं

पत्र

नमस्कार ताई,

आम्ही ठाण्यात, घोडबंदर रोडला कासारवडवलीत राहतो. मुलगा दोन वर्षं आठ महिन्यांचा आहे. मी ऐरोलीला नोकरी करते. सकाळी साडेसातला कंपनीची बस पकडते, घरी यायला संध्याकाळचे साडेसात होतात. दिवसभर त्याच्याजवळ सासूबाई असतात. त्यांचे गुडघे दुखतात आणि हा एका जागी बसत नाही, म्हणून जेवताना मोबाइलवर राइम्स लावायची सवय लागली. आता त्याशिवाय घास उतरत नाही. इंग्रजी रंग, प्राण्यांची नावं, एक ते वीस आकडे सगळं गाण्यात म्हणतो. पण तहान लागली की माझा हात धरून फ्रिजपाशी नेतो, ‘पाणी’ म्हणत नाही. सासूबाई मुरबाडकडच्या. त्यांना पाळणे, ओव्या येतात. त्या म्हणायला लागल्या की हा त्यांच्या तोंडावर हात ठेवतो. परवा त्या डोळे पुसत आत गेल्या. मिस्टर म्हणतात, शिकतोय ना इंग्रजी, प्लेग्रुपला उपयोगी पडेल. ही लहान मुलांची गाणी खरंच वाईट असतात का? बंद करू का? मी स्वतः गाऊन बघितलं असतं, पण मला सूर नाही. शाळेत समूहगीताच्या वेळी बाईंनी मला नुसते ओठ हलवायला सांगितलं होतं.

— कासारवडवलीची एक आई

उत्तर

प्रिय ताई,

तुमच्या पत्रात गाण्यांबद्दल पुष्कळ आहे, पण माझा जीव अडकला तो त्या फ्रिजपाशी. म्हणून आधी एक काम सांगते, ते याच आठवड्यात करा. बालरोगतज्ज्ञांकडे जा आणि ‘पावणेतीन वर्षांचा होत आला, हवं ते शब्दांनी मागत नाही’ एवढं स्पष्ट सांगा. दोनच्या आसपास मुलं ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडायला लागतात, त्यामुळे हे दाखवून घ्यायला हवंच. कान तपासून घ्या. गाणी ऐकतो म्हणजे कान ठणठणीत, असं धरून चालू नका. सर्दीने कानात पाणी साठलं तर ढोलकी ऐकू येते आणि बोलण्यातले बारीक आवाज निसटतात. कुणीतरी सांगेलच की मुलगे उशिराच बोलतात, याचा बाबाही उशिराच बोलला होता. ऐकून घ्या आणि अपॉइंटमेंट घ्या. मोबाइलमुळेच असं झालं, असं मी म्हणत नाही. उशिरा बोलण्याला कितीतरी कारणं असतात आणि ती शोधणं डॉक्टरांचं काम आहे. स्पीच थेरपिस्टकडे जायला सांगितलं तर त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जितक्या लवकर जाल तितकं बरं.

आता गाणी.

मी ठाण्यात तीसहून जास्त वर्षं बालवाडीत शिकवलं, त्यामुळे या विषयावर मला मनापासून बोलायचं आहे. नाही, ही गाणी वाईट नसतात. ज्या गाण्यांवर तुमचा मुलगा खिळून राहतो ती बनवणाऱ्यांना लहान मूल चांगलं समजलेलं असतं. चार-पाच सुरांतच फिरणारी चाल, तीच ओळ पुन्हा पुन्हा, आणि प्रत्येक कडव्यात फक्त एक शब्द बदलायचा. मुलाला पुढे काय येणार हे कळतं आणि ते बरोबर आलं की आनंद होतो. आपल्या पाळण्यांत, फेराच्या गाण्यांत हेच आहे. पहिल्या दिवशी, दुसऱ्या दिवशी म्हणत बाराव्या दिवसापर्यंत जाणारा पाळणा सासूबाईंना नक्की येत असेल. त्याची बांधणी आणि त्या राइम्सची बांधणी ही सख्खी चुलत भावंडं आहेत.

‘बेबी शार्क’ तुमच्या घरी वाजत असणारच. पिंकफाँग या कोरियन ब्रँडने २०१६ साली काढलेला तो व्हिडिओ २०२० मध्ये यूट्यूबवर सगळ्यात जास्त पाहिला गेलेला ठरला, आणि जानेवारी २०२२ मध्ये त्याने एक हजार कोटींचा आकडा ओलांडला. पण मला त्यातली वेगळीच गोष्ट महत्त्वाची वाटते. हे गाणं त्यांनी नव्याने रचलेलं नाही. अमेरिकेत उन्हाळी शिबिरांत मुलं शेकोटीभोवती बसून ते आधीपासून म्हणत होती. दोन बोटांचा छोटा जबडा, मग दोन हातांचा मोठा जबडा, असं एकमेकांकडे बघत. म्हणजे तेही मुळात माणसामाणसांतलं गाणं. पडद्यावर आलं तेव्हा चाल आली, हातवारे आले, समोर बसलेला सोबती मात्र शेकोटीपाशीच राहिला.

तो सोबती काय करत होता, हे सांगायला मला आपलंच गाणं घ्यावं लागेल.

‘इथे इथे बस रे मोरा’ तुम्हाला माहीत आहे. बाळाचा तळहात आपल्या हातात उघडा धरायचा आणि बोटाने तळव्याच्या मधोमध टोचत म्हणायचं. मोर चारा खातो, पाणी पितो, आणि शेवटी ‘भुर्र’ म्हणताना आपला हात हवेत उडतो. दहा सेकंदांचं काम. पहिल्या वेळी बाळ नुसतं बघतं. पाचव्या-सहाव्या वेळी मोराचं पाणी पिऊन झालं की त्याचे खांदे वर जातात, श्वास अडकतो, नजर तुमच्या ओठांवर येते. त्याला कळलेलं असतं की आता काहीतरी उडणार आहे. तिथे थांबा. हात उडवू नका, बोलू नका, नुसतं त्याच्याकडे बघा. दोन सेकंद, तीन सेकंद. कुणी पाय झाडतं, कुणी खिदळतं, कुणी तुमचं बोट ओढून वर नेतं. आणि एक दिवस ओठ जुळतात आणि थुंकी उडवत ‘भु’ येतं. ते मागणं आहे, ताई. गाण्याने जागा रिकामी ठेवली आणि मुलाने ती भरली. ‘पाणी’ म्हणायला लागते ती हीच वाट: समोर कुणीतरी थांबलंय, माझं ऐकायचं म्हणून थांबलंय, हे आधी कळावं लागतं.

मोबाइलमधलं गाणं थांबत नाही. तुमचा मुलगा ‘यलो’ म्हणाला काय आणि गप्प राहिला काय, पुढचा रंग त्याच क्षणी येणार. ते संपायच्या आत दुसरं सुरू होणार. म्हणून तो रंग म्हणतो ते चालीचा भाग म्हणून, आणि चाल छान लक्षात ठेवतो; त्याची बुद्धी आणि स्मरणशक्ती याबद्दल मला काळजी वाटत नाही. पण रंगांसाठी कुणाला हाक मारावी लागत नाही. पाण्यासाठी कुणाला तरी हाक मारावी लागते.

तुमच्या मिस्टरांना एक प्रयोग सांगा. अमेरिकेत सिएटलच्या वॉशिंग्टन विद्यापीठात पॅट्रिशिया कुल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी इंग्रजी घरांतली नऊ महिन्यांची बाळं घेतली. काही बाळांशी चिनी बोलणारी माणसं समोर बसून खेळली, त्यांनी पुस्तकं वाचली. बारा बैठका. त्या बाळांना चिनीतले असे बारीक उच्चारभेद ओळखू यायला लागले, जे इंग्रजी घरात कधी कानावर पडत नाहीत. दुसऱ्या बाळांना तीच माणसं, तेच बोलणं, व्हिडिओवर दाखवलं. त्यांना काहीच फरक पडला नाही. हे २००३ साली प्रसिद्ध झालं. मिस्टरांना इंग्रजी यायला हवं असेल तर त्यांनी संध्याकाळी मांडीवर घेऊन स्वतः इंग्रजी गाणं म्हणावं, माझी अजिबात हरकत नाही. आपल्या सोसायट्यांत मूल घरी मराठी, लिफ्टमध्ये हिंदी, शेजारी गुजराती ऐकतंच; भाषांची अडचण मुलांना होत नाही. बोलणारं माणूस मात्र लागतं.

आता एक उलट बाजूही सांगते, नाहीतर मी रेकॉर्ड केलेल्या गाण्यांच्याच विरुद्ध आहे असं वाटेल. तालाचं थोडं वेगळं आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब या संशोधकांनी २००५ साली दाखवलं की सहा महिन्यांच्या बाळाला परक्या देशातल्या अवघड तालातली चूकही कळते, पण वर्षाचं होईपर्यंत कान घरच्या तालाला सरावतो आणि परक्या तालातली चूक सुटायला लागते. तरी वर्षाच्या बाळांना दोन आठवडे रोज थोडा वेळ ते परकं संगीत नुसतं ऐकवलं, तर ती कानाची जाण परत आली. म्हणजे ऐकलेल्याचा परिणाम होतोच. मग घरात रूपकाच्या सात मात्रा, भजनी ठेक्याच्या आठ मात्रा का वाजू नयेत? १९५३ च्या ‘देवबाप्पा’ चित्रपटातलं ‘नाच रे मोरा’ घ्या. गदिमांचे शब्द, पुलंचं संगीत, आशाबाईंचा आवाज. सत्तर वर्षांनंतरही बालवाडीत पहिला ढग दिसला की कुणीतरी ते सुरू करतंच. मंगेश पाडगावकरांचं ‘सांग सांग भोलानाथ’ संगीतकार मीना खडीकरांनी स्वतःच्या मुलांकडून गाऊन घेतलं, म्हणून त्यात मुलांच्याच गळ्याचा कच्चेपणा आहे आणि ऐकणाऱ्या मुलाला वाटतं, हे मलाही जमेल. आजच्या बऱ्याच राइम्समध्ये यंत्राने घासूनपुसून गुळगुळीत केलेला मोठ्यांचा आवाज मुलासारखा केलेला असतो. मला तो कानाला चांगला लागत नाही. हे माझं मत आहे, पण पक्कं मत आहे. ही गाणी लावा, जरूर लावा. फक्त पडद्याशिवाय लावा. छोटा स्पीकर कपाटावर ठेवा आणि मोबाइल तुमच्या पर्समध्ये.

पडद्याबद्दल जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ मध्ये सांगितलं आहे की दोन ते चार वर्षांच्या मुलांना दिवसात एक तासापेक्षा जास्त नको, कमी असेल तर चांगलंच. तुमच्याकडे तीन जेवणांतच दोन तास जात असतील.

माझ्याकडूनही ही चूक झाली आहे. स्नेहसंमेलनासाठी आम्ही एका वर्षी सगळी गाणी ट्रॅकवर घेतली. मोठे स्पीकर आणले, दोन महिने मुलं रोज त्यावर हातवारे करत होती, पालक खूश. कार्यक्रमात तिसऱ्या गाण्याला लाइट गेली. अंधार झाला आणि गाणं तिथेच थांबलं. चाळीस मुलं स्टेजवर हात वर करून उभी, आणि एकाच्याही गळ्यातून पुढची ओळ आली नाही. त्यांना ते गाणं येतच नव्हतं. दोन महिने स्पीकर गात होता आणि मुलं बघत होती. मी विंगेतून ओळ म्हटली, तेव्हा पुढची दोघं-तिघं बारीक आवाजात माझ्यामागे आली, मग हळूहळू सगळी. दुसऱ्या वर्षापासून आमची पेटी परत आली, सूर थोडा इकडेतिकडे झाला तरी.

आता सासूबाई. त्यांच्या तोंडावर हात ठेवणं हे नकोसं वाटणं नाही, असं त्यांना माझ्या नावाने सांगा. त्यांचं गाणं बहुधा मोबाइलच्या गाण्यावर चढून येत असणार. दोन गाणी एकदम लागली की आपणही एक बंद करतो; त्याला मोबाइल बंद करता येत नाही, म्हणून तो आजीला बंद करतो. पाळणा म्हणायचा तो मोबाइल डोळ्यांसमोर नसताना. आणि त्याने हात ठेवलाच, तर त्याचा खेळ करा. हात ठेवला की आजी गप्प. हात उचलला की जिथे ओळ थांबली तिथून पुढे सुरू. पुन्हा हात, पुन्हा गप्प. मला वाटतं दहा मिनिटांत त्याच्या लक्षात येईल की आजीचं बटण त्याच्याच हातात आहे. असं बटण त्याच्या मोबाइलमधल्या कुठल्याच गाण्याला नाही. सासूबाईंनी फक्त हसून थांबायचं, डोळे त्याच्यावर ठेवून.

जेवण एका दिवसात बदलणार नाही, आणि तुम्ही सकाळी साडेसातला निघून जाता तेव्हा पहिले आठ-दहा दिवस ज्या रडण्यात जातील ते सासूबाईंच्या वाट्याला येईल. म्हणून शनिवारी तुम्ही आणि मिस्टर दोघं घरात असताना सुरुवात करा. एकच जेवण घ्या, दुपारचं. बाकी दोन वेळा मोबाइल राहू दे, वाईट वाटून घेऊ नका. त्याला वरणभाताचं ताट स्वतंत्र द्या आणि दोन चमचे, एक खायला आणि एक वाजवायला. सांडेल. आधी वर्तमानपत्र अंथरा. दोन घास कमी गेले तर जाऊ द्या, भूक लागली की खाईल. घास मोजत बसलं की आपणच मोबाइलकडे हात नेतो. दुपारचं जमलं की मग रात्रीचं, आणि ते मिस्टरांनी सांभाळायचं. सासूबाईंच्या गुडघ्यांवर आता बसवणं नको, पण बाबाच्या गुडघ्यांवर ठेक्यात उडवणं चालेल. कॅनडात २०१४ साली एका प्रयोगात चौदा महिन्यांच्या बाळांना समोरच्या बाईच्या ठेक्याला धरून झुलवलं. नंतर त्या बाईच्या हातून काही पडलं तर तीच बाळं जास्त वेळा उचलून द्यायला आली. ठेका चुकवून झुलवलेली कमी आली. एकाच ठेक्यात हललेली माणसं एकमेकांची होतात, वारीत चाललेल्या कुणालाही विचारा.

तारा मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं आणि पुढे ते कोसबाडच्या टेकडीवर नेलं. तेव्हा तो भाग आपल्याच ठाणे जिल्ह्यात होता, आता पालघरमध्ये गेला. आदिवासी पाड्यांतली मुलं बालवाडीत येईनात, तेव्हा त्या दोघींनी बालवाडीच त्यांच्या अंगणात नेली. अंगणवाडी ही कल्पना तिथली. तुमचा मुलगा आजीच्या मांडीवरच्या गाण्याकडे येत नाही ना, मग गाणं तो जिथे आहे तिथे न्या. गॅलरीतून क्रेन दिसत असेल तर क्रेनवर एक ओळ. ‘वर वर वर... ’ म्हणा आणि थांबा, ‘खाली’ त्याच्यासाठी ठेवा. लिफ्टमध्ये मजले मोजताना तुमच्या मजल्याचा आकडा त्याच्यासाठी सोडा. आंघोळीच्या बादलीत पहिला तांब्या ओतण्याआधी ‘एक, दोन, साडे’ म्हणून थांबा. हे सगळं बालगीतच आहे, त्याला कुणी संगीतकार लागत नाही.

आणि आता तुमच्या ओठांबद्दल. त्या बाईंनी जे केलं ते चूक होतं. समूहगीत सुरात बसावं म्हणून एका मुलीचा आवाज काढून टाकला, आणि तो आवाज तुम्ही पंचवीसेक वर्षं सोडून दिलात. तुमच्या मुलाला तुमचा आवाज जन्माच्या आधीपासून ओळखीचा आहे. पोटात असताना शेवटच्या तीन महिन्यांत बाळाला आईचा आवाज ऐकू येतो आणि जन्मल्यावर ते तो ओळखतं. सा कुठे लागतो हे त्याला नको आहे. मी बालवाडीत अगदी बेसुर आया बघितल्या आहेत, त्यांची मुलं त्यांच्याच बेसुर चालीत गाणं म्हणत यायची आणि मला ती चाल बदलायला सांगायचा धीर व्हायचा नाही, इतकी ती त्यांच्या घरची होती. ऐरोलीच्या बसमध्ये खिडकीपाशी बसून एक गाणं पाठ करा. एकच. महिनाभर तेच म्हणा, रोज झोपताना, दिवा मालवल्यावर, हळू. तो म्हणेल ‘राइम्स’. तुम्ही म्हणा, ‘उद्या. आता आईचं.’ आणि शेवटच्या ओळीतला शेवटचा शब्द म्हणू नका. आठवडाभर काही येणार नाही, अंधारात नुसती शांतता असेल. ती शांतता तुम्ही भरू नका.

डॉक्टर काय म्हणाले ते कळवा. आणि सासूबाईंना त्या पाळण्याचे शब्द सांगायला लावून वहीत उतरवून घ्या, मुरबाडकडचे शब्द आहेत तसेच, एकही न सुधारता. जमलं तर एक प्रत मलाही पाठवा. मला त्यातल्या बाराव्या दिवसापर्यंतच्या सगळ्या ओळी हव्या आहेत.